हा फक्त सराव आहे

सावरदरा, ता. आष्टी
८ डिसेंबर

प्रिय अलमास,

पाकीट बघून हसली असशील. हातात फोन असताना ही बाई अजून पोस्टाच्या पेटीत पत्र टाकते! अगं, मागच्या महिन्यात आमच्या रुग्णालयाच्या ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की 'हातमोजे संपलेत'. संध्याकाळी त्याचा स्क्रीनशॉट जिल्ह्याला पोचला आणि सकाळी मला विचारणा आली, सिस्टर, तुम्ही संस्थेची बदनामी का करता? तेव्हापासून ठरवलं, मनातलं बोलायचं ते कागदावर. कागदाचा स्क्रीनशॉट निघत नाही. नर्सिंगच्या होस्टेलातून सुट्टीला गेलो की लिहायचो, तसंच समज.

तर तुमच्या प्रशिक्षण केंद्राचा ग्रंथ पोचला. 'जैविक दहशतवाद : आरोग्य कर्मचाऱ्यांची पूर्वतयारी'. मराठी तूच केलंयस हे पहिल्या पानावरच कळलं, कारण वाक्यं समजत होती. आमच्या अधीक्षक साहेबांनी तो उघडून न बघताच माझ्या हातात ठेवला. "सिस्टर, तुम्ही मास्टर ट्रेनर. सगळ्यांना शिकवा आणि वीस तारखेला मॉक ड्रिल करा. वरून पाहुणे येणारेत."

शिकवलं बाई. दोन्ही डॉक्टर सही करून ओपीडीला गेले ते गेलेच. प्रोजेक्टर चालू झाला की पंखा बंद पडायचा. संरक्षक पोशाख आले ते सगळे एकाच मापाचे. आमचा लखन, वॉर्डातला, दारातून आडवा शिरणारा माणूस. त्याने घातला तर पाठीत उभा फाटला. विलगीकरण कक्ष उघडला तर आत मोडक्या खाटा आणि कुणाच्या तरी प्रचाराच्या खुर्च्या. अँथ्रॅक्स म्हणजे जनावरांना होते ती आपली काळपुळीच, असं सांगितल्यावर जरा माना वर झाल्या. तेवढ्यात मागून लखन म्हणाला, "ताई, त्या अतिरेक्याला सावरदरा घावंल का? एसटीला घावत न्हाई." सगळे हसले, मीही हसले, आणि प्रशिक्षण संपलं.

मला खरंच शिकवायचंय गं. कोरोनात आपण आंधळ्यासारखे चाचपडत होतो, ते मी विसरलेले नाही. पण इथे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

तुझा भाऊ मजेत आहे. ॲम्ब्युलन्स लग्नातल्या घोड्यासारखी पुसून ठेवतो. कारखान्यावर ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहिल्यात, तिथल्या बायका दवाखान्याचा नंबर लावत नाहीत, थेट अल्ताफला फोन करतात. मार्चमध्ये त्याचं कंत्राट पुन्हा व्हायचंय. त्याची काळजी करू नकोस, त्याच्याशिवाय आमचं चाक हलत नाही. गणपतीच्या नाटकात यंदाही तोच इन्स्पेक्टर होता.

ड्रिलसाठी काही सूचना असल्या तर लवकर कळव.

तुझी,
सुनिता


पुणे
१६ डिसेंबर

प्रिय सुनिता,

तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांसमोर फोडलं आणि लखनचा पोशाख फाटला तिथे एवढी हसले की साहेबांनी काचेतून पाहिलं. मग त्यांना सांगावं लागलं की मैत्रिणीला मुलगा झाला. तेव्हा अभिनंदन.

हसून झालं, आता ऐक. मला या विषयाचा कंटाळा येत नाही, कारण मुद्दा दहशतवाद्याचा नाहीच. तो सावरदऱ्याला येणार नाही हे मलाही ठाऊक आहे. पण एका दिवशी एकाच वस्तीतली दहा माणसं एकदम आजारी पडली, तर पहिल्या तासात तुम्ही काय करता, एवढंच यात शिकायचंय. आधी कुणाला हलवायचं? मनगटाला लाल पट्टी कुणाला, पिवळी कुणाला, हिरवी कुणाला? कपडे काढून अंग धुवायचं कुठे? आजार कुणी आणला हे शोधणं पोलिसांचं काम. आपण माणूस वाचवायचा.

म्हणून तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहा. 'हा फक्त सराव आहे' असा फलक, लांबून वाचता येईल एवढा मोठा, तुमच्या पाण्याच्या हौदाजवळ आणि दारावर. दर थोड्या वेळाने लाउडस्पीकरवरून तेच सांगायचं. आणि पाण्यात पावडर टाकणारा माणूस दाखवायचाच नाही. पुडी आधीच ठेवलेली असू दे. मी पुस्तकात तसंच लिहिलं होतं, छापताना वरच्यांनी तो परिच्छेद 'अनावश्यक' म्हणून काढला. पुडी टाकणारा दाखवला की लोकांना त्याचाच चेहरा लक्षात राहतो, बाकीचं ड्रिल वाया.

अल्ताफला नाटकाचं वेड आहे, तो मधे मधे करील. त्याला गाडीवरच ठेव. अब्बांच्या फळांच्या गाड्यावर बसायला तयार नव्हता, ही नोकरी त्याला मनापासून आवडलीय. अम्मी म्हणते, "माझा पोरगा कड्यापासून आष्टीपर्यंत सगळ्यांचा झाला."

तुझी,
अलमास


सावरदरा
२२ डिसेंबर

प्रिय अलमास,

झालं एकदाचं ड्रिल! यशस्वी म्हणे. पाहुणे साहेब सकाळी येणार होते ते जेवणाच्या वेळेला आले. तोवर 'रुग्ण' म्हणून जमिनीवर झोपवलेल्या आशाताई उन्हाने खरंच रुग्ण व्हायला आल्या होत्या. मग सत्कार. शाल, नारळ, भाषण. जैविक दहशतवादाशी लढायला निघालेल्या माणसाला आधी फेटा बांधावा लागतो, हे तुझ्या ग्रंथात नव्हतं.

फलक मी स्वतः रंगवून घेतला होता, हौदावर लावलाही होता. पाहुण्यांच्या स्वागताचा फ्लेक्स लावायला दुसरीकडे खिळे नव्हते, तर त्या शहाण्यांनी तो माझ्या फलकावरच ठोकला. हात जोडलेले पाच चेहरे वर, 'हा फक्त सराव आहे' खाली. मी ओरडले, तर आमचे साहेब म्हणाले, "सिस्टर, पाहुण्यांसमोर फ्लेक्स काढायचा का?" लाउडस्पीकर स्वागतगीतात अडकला होता.

पण एक गोष्ट झकास झाली. पावडर टाकणारा! आधी लखनला सांगितलं होतं. ऐन वेळी त्याची बोबडी वळली, पुडी हातातून खाली. तेव्हा दुसरा एक कलाकार पुढे झाला. पाहुणे साहेब म्हणाले, असा साधा दिसला तर लोकांना पटणार नाही, जाळीची टोपी घाला, चौकड्याचा रुमाल बांधा. मी म्हटलं, साहेब, पुस्तकात असं काही नाही. तर म्हणाले, पुस्तक पुण्यात राहू द्या. मी तिथून निघाले. तिकडे आशाताईंना पाणी द्यायचं होतं.

काय हसला गं तो हौदावर चढून! "आता प्या पाणी!" म्हणून मैद्याची पुडी रिकामी केली तेव्हा माझ्यासुद्धा अंगावर काटा आला. बाहेर गर्दी जमली होती, फोन वर धरून. पोलिसांनी त्याला धरलं तेव्हा टाळ्या पडल्या. तो कोण, हे सांगणार नाही. ईदला घरी आलीस की तोच करून दाखवणार आहे, मला शपथ घातलीय.

तुझी,
सुनिता

ता. क. २४ डिसेंबर. पाकीट बंद करायला घेतलं आणि तुझं पत्र आलं. टपालवाल्याने आठवडाभर पिशवीत फिरवलं. वाचलं. पुडी टाकणाऱ्याबद्दल तू लिहिलंयस ते आता काय उपयोगाचं, वरातीमागून घोडं. पण एवढं काही नाही गं, सगळ्यांना ठाऊक आहे की ते नाटक होतं.


पुणे
३ जानेवारी

सुनिता,

सगळ्यांना ठाऊक नाही.

व्हिडिओ कड्याच्या आमच्या घराशेजारच्या बायनाबाईंच्या फोनवर आला. खाली लिहिलं होतं, 'बीड जिल्ह्यात पाण्यात विष कालवणारा अतिरेकी रंगेहाथ पकडला. सावध राहा.' त्यांनी बिचारीने काळजीनेच अम्मीला दाखवला. अम्मीने रुमालाआडचा माणूस डोळ्यांवरून ओळखला. मला फोन करून तिने पहिलं काय विचारलं माहितेय? "अल्ताफला कधी धरलं?"

मी तासभर तिला समजावत होते. आपल्या मुलाने असं केलं नाही, हे आईला मला समजवावं लागलं.

मी अल्ताफला फोन केला. तो म्हणाला, "काई न्हाई आपा, मजा आली." मजा! तुझ्या दवाखान्यात एवढी माणसं आहेत. लखनची बोबडी वळली तर दुसरा कुणीच नव्हता? टोपी घालायला सांगितली तेव्हा तुला एकदाही खटकलं नाही? मला खरं उत्तर हवंय, विनोद नकोत. तुझ्या पत्रातले विनोद मला गेले दोन दिवस वाचवत नाहीत.

आणि काय करणार आहेस ते कळव. गाव लहान आहे. तिथल्या लोकांनी त्याला रोज बघायचंय आणि त्याच्या गाडीत बसायचंय.

अलमास


सावरदरा
१० जानेवारी

प्रिय अलमास,

खरं उत्तर हवंय ना? नाही खटकलं. माझ्या डोळ्यांपुढे तो गणपतीच्या नाटकातला अल्ताफ होता, आपला. तुझ्या जागी मी असते तर मला टोपी दिसली असती. मी माझ्या जागी होते, म्हणून मला फक्त ॲक्टिंग दिसली. याचं मला वाईट वाटतंय, आणि वाईट वाटून तुझ्या अम्मीचा तो तास परत येत नाही हेही कळतंय.

काय केलं ते सांगते. तुझं पत्र आलं त्याच दिवशी साहेबांकडे गेले. म्हटलं, रुग्णालयाच्या नावाने खुलासा काढा, अल्ताफचं नाव घालून, की हा आमचा चालक आणि ते ड्रिल होतं. साहेब म्हणाले, खुलासा वरून मंजूर व्हावा लागतो. वर फोन केला, तर ते म्हणाले, खुलासा काढला तर ड्रिलच्या नियोजनात त्रुटी होती असं होईल. पोलिसांकडे गेले. ते म्हणाले, ज्याची तक्रार आहे त्याने यावं. अल्ताफ जायला तयार नाही, "ताई, पुन्हा ठाण्यात जाऊन फोटो कशाला?" शेवटी मीच ग्रुपवर लिहिलं. तो मजकूर तीन जणांनी वाचला. व्हिडिओ अख्ख्या तालुक्याने पाहिलाय.

मी गावात दारोदार सांगत फिरतेय. गावातले हसून सोडतात, त्यांना तो लहानपणापासून माहीत आहे. चौकात पोरं "आता प्या पाणी" म्हणून हाक मारतात, तोही हात वर करतो. मला काळजी कोप्यांची आहे. यंदा तिथे जुन्यांबरोबर नव्या टोळ्याही आल्यात, गेवराईकडच्या, त्यांना आपला कोण आणि परका कोण काय माहीत? त्या वस्तीवरून अल्ताफला येणारे फोन बंद झालेत. परवा एक बाळंतीण टेम्पोतून आली.

काल तो दाढी काढून आला. विचारलं तर म्हणाला, "उन्हाळा लागला ताई." पौषात! मी स्वेटर घालून बसले होते.

रागावलेली राहा, पण लिहीत राहा.

तुझी,
सुनिता


सावरदरा
२१ जानेवारी

अलमास,

तुझं पत्र आलं नाही, तरी लिहितेय. अल्ताफ बरा आहे, आधी एवढं वाच. डोक्याला टाके पडलेत, पण शुद्धीवर आहे आणि जेवतो आहे. फोनवर त्याने तुला 'दार लागलं' असं सांगितलं असेल. दार लागलं नाही.

सोमवारी सकाळी कोप्यांवरून निरोप आला, माणसं ओकतायत, पडतायत. टँकर आला नव्हता, म्हणून कुणीतरी शेतातला रिकामा ड्रम आणून पाण्याला लावला होता. फवारणीचं औषध कालवायचा ड्रम. धुतला होता म्हणे. मी आणि अल्ताफ निघालो. गाडीत ऑक्सिजन होता, इंजेक्शनं होती, सगळं होतं.

मी उतरले, लोकांना बघितलं. तोंडाला फेस, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. तुझं पुस्तक अक्षर न् अक्षर आठवलं. ड्रम बाजूला काढायला लावला, भिजलेले कपडे काढायला लावले, पट्ट्या बांधल्या. लाल पट्टी एकीलाच बांधली, कडूबाई नावाच्या बाईला. लाल म्हणजे गाडीत पहिली. मी हाक मारली, "अल्ताफ, स्ट्रेचर!"

तो स्ट्रेचर घेऊन उतरला आणि टोळीचा मुकादम प्रविण ओरडला, "अरे, ह्योच तो! पाण्यात टाकणारा ह्योच!" खिशातून फोन काढून सगळ्यांना दाखवला. त्यांच्या पाण्याने माणसं पडली होती अलमास, आणि पाण्यात पुडी टाकणारा माणूस समोर उभा होता. मी काय बोलत होते ते माझं मलाच ऐकू येत नव्हतं. उसाच्या कांड्याने मारलं त्याला. गाडीची चावी काढून घेतली. मी म्हटलं, अरे निदान आतलं औषध घेऊ द्या, तर गाडीला गराडा घातला. "त्या गाडीतलं काईच नको." कडूबाईचा नवरा, भगवानराव, दोन्ही हात पसरून दारात उभा होता. बायकोला वाचवायलाच उभा होता तो.

आजाऱ्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं, उसाच्या पाचटावर. मी त्यांच्यासोबत चढले. आम्ही निघाल्यावर चावी फेकून दिली असावी, कारण थोड्या वेळाने मागून भोंगा ऐकू आला. अल्ताफ आमच्या मागे मागे येत होता. डोक्याला शर्ट गुंडाळलेला. ट्रॅक्टर खड्ड्यांतून गचके खात पुढे, आणि मागे रिकामी ॲम्ब्युलन्स. मी हातवारे करून ट्रॅक्टरवाल्याला थांब म्हणत होते, तो थांबेना. ऑक्सिजन मला डोळ्यांनी दिसत होता.

कडूबाई वाटेतच गेली. बाकीचे सगळे वाचले. लाल पट्टी मीच सोडली.

मला आता रडू येत नाही, नुसता राग येतो. कुणाचा ते ठरत नाही. भगवानरावाचा येत नाही.

सुनिता


पुणे
३० जानेवारी

प्रिय सुनिता,

मी घरी, कड्याला, येऊन गेले. अल्ताफला बघितलं, अम्मीजवळ दोन दिवस राहिले. सावरदऱ्याला आले नाही. मुद्दाम आले नाही. तुला बघितलं असतं तर भांडले असते किंवा गळ्यात पडले असते, आणि दोन्हीची माझी तयारी नव्हती. आज मात्र वाटतंय की यायला हवं होतं. ट्रॉलीत तू एकटी होतीस.

इथे मी लेखी दिलं. सगळी ड्रिल थांबवा, आधी ही घटना प्रशिक्षणात घ्या. आमच्या साहेबांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, तो मृत्यू कीटकनाशकाने झाला. जैविक नाही, रासायनिक आहे, त्यात दहशतवादही नाही. आपल्या विषयाशी संबंध कुठे येतो?" मी म्हटलं, सर, ती बाई अफवेने मेली. तर म्हणाले, अफवा माहिती विभागाकडे येते. सुनिता, मी दार आपटून बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदा.

आता त्याहून वाईट ऐक. डिसेंबरच्या सगळ्या ड्रिलचं मूल्यमापन झालं. सावरदरा पहिलं आलंय. अहवालात वेगळी नोंद आहे, 'संशयिताची भूमिका अत्यंत परिणामकारक व वास्तवदर्शी.' मार्चच्या सुरुवातीला परळीला जिल्हास्तरीय ड्रिल आहे, रेल्वे स्टेशनजवळ, मोठं. त्यासाठी तुमची टीम निवडलीय, 'त्याच कलाकारासह'. पत्र माझ्या टेबलावरून गेलं. मी सही केली नाही. दुसऱ्याने केली, आणि पत्र निघालं.

अल्ताफला मी सांगू शकले नाही. तो माझ्यासमोर बसून जेवत होता तेव्हाही नाही. तू सांग.

तुझी,
अलमास


सावरदरा
९ फेब्रुवारी

प्रिय अलमास,

पत्र मिळालं, तुझंही आणि परळीचंही. परळीच्या पत्रावर मी लिहून दिलं, मी येणार नाही, माझा चालकही येणार नाही. त्यावर मला कारणे दाखवा नोटीस आली. घेतली, डब्यात ठेवली, चपातीखाली.

साहेबांनी अल्ताफला केबिनमध्ये बोलावलं. लोकांचा विश्वास उडालाय, मार्चनंतर गाडीवर ठेवणं अवघड आहे म्हणाले. पण परळीला चांगलं काम झालं तर वरचे खूश होतील, मग बघता येईल. म्हणजे ज्या सोंगापायी गाडी जाते आहे, तेच सोंग पुन्हा केलं तर गाडी राहील. मी दारात उभी होते. मला वाटलं तो तरी आता भडकेल. तो म्हणाला, "इचार करून सांगतो साहेब."

मी त्याला म्हटलं, तुझ्या आपाला काय लिहू? तर म्हणाला, "तुमी न्हाई ताई, मीच लिवतो." सोबत त्याचं पत्र आहे. मी वाचलेलं नाही. तू वाचून मला कळव, म्हणजे परळीला मी काय करायचं ते ठरवता येईल.

यंदाच्या ईदला मी कड्याला येणार आहे. अम्मीच्या समोर बसायचंय मला.

तुझी,
सुनिता


(सोबत)

आपा,

सलाम. सुनिता ताईंच्या पाकिटात घालतोय. अक्षराला हसू नको, शाळा सुटल्यावर एवढं मोठं पयल्यांदाच लिवतोय.

टाके निघाले. अम्मीला सांग, फोनवर माझ्यावर तिचा इस्वास न्हाई. रमजान तोंडावर आलाय, रोजे धरणार हाय, डॉक्टर हो म्हणले.

तुला एक सांगायचं ऱ्हायलं. ताईलाबी सांगितलं न्हाई. कडूबाईचं पोस्टमार्टम झाल्यावर तिला गावी न्यायचं होतं, गेवराईकडं. शववाहिका दुसरीकडं गेलती. मुकादमाचा फोन बंद. साहेब म्हणले, नियमात बसत न्हाई, पण ने. मी नेलं. जित्तेपणी माझ्या गाडीत बसू दिली न्हाई, मेल्यावर बसली बाई.

भगवानमामा पुढं माझ्याशेजारी बसले. दुसरीकडं जागाच नव्हती. बीड जाईस्तोवर माझ्या डोक्याच्या पट्टीकडं बघायचे अन् तोंड फिरवायचे. पाडळशिंगीच्या पुढं आलो तवा म्हणले, "पोरा, खरं सांग. पाण्यात काय टाकलतं?"

म्हणलं, "मामा, मैदा. नाटक होतं ते."

मामा माझ्याकडं वळले. मग म्हणले, "मग आमाला खरं कावून वाटलं?"

मी काय सांगू आपा? म्हणलं, "मी चांगलं केलतं म्हणून."

ते मोठ्यानं रडायला लागले. मी गाडी बाजूला घेतली. मलाबी दिसंना.

अन् ती टोपी माझीच होती. पावण्या साहेबानं कुठून तरी मागवायला लावली, तर मीच म्हणलं, बाहेरून कावून, माझ्याच गाडीत हाय. जुम्याच्या नमाजाला घालायची ती. मला वाटलं, पार्ट चांगला होईल. तवापासून जुम्याला तीच घालून जातो, पण मस्जिदीच्या दारात गेल्यावर घालतो. रस्त्यानं खिशात ठेवतो. हे मला लई टोचतं आपा. माराचं तेवढं न्हाई टोचत.

आता परळीचं. न्हाई म्हणलो तर गाडी जाईल. हो म्हणलो तर पुन्हा हौदावर चढावं लागंल. इचार केला अन् आज साहेबाला सांगून आलो. येतो म्हणलं, पण पार्ट पेशंटचा द्या, लाल पट्टीचा. साहेब हसले. म्हणले, अरे त्यात काय ॲक्टिंग हाय, नुसतं पडून ऱ्हायचं. म्हणलं, तेच करायचंय. वरच्यांना विचारतो म्हणले.

दिला न्हाई तरी मी जाणार हाय. स्टेशनासमोर जागा मोठी हाय, लई लोक येतील फोन घेऊन. ताईला सांग, लाल पट्टी तिनंच बांधायची. मी सगळ्यांच्या मधोमध पडून ऱ्हाणार, डोक्यात टोपी घालून. बघू, उचलायला कोण येतंय.

तुझा,
अल्ताफ